फाटकावरची घंटी

वृद्धनिवासात त्यांना सगळे रंगदादा म्हणत. उभा जन्म नाटकातल्या नटांचे चेहरे रंगवण्यात गेला होता. तिशीतल्या पोराला नव्वदीचा म्हातारा करण्यात त्यांचा हातखंडा. "आता मीच म्हातारा झालोय, तोही मेकअपशिवाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आणि आधी स्वतःच हसत.

त्यांना विसरायला होऊ लागलं तेव्हा लेकीने त्यांना इथे आणलं. घरी ती एकटी आणि दिवसभर बँकेत. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. त्या दिवशी तिने मन घट्ट केलं. पुढे ते निवासातूनही फिरायला म्हणून गेले आणि परतीचा रस्ता विसरले. मग तिनेच व्यवस्थापकबाईंच्या मागे लागून फाटकावर नवा कॅमेरा बसवून घेतला.

तो कॅमेरा नुसतं चित्र घेत नसे. समोरून कुणी गेलं की पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट येई आणि माणूस चालेल तशी सरकत राही. ज्यांनी एकट्याने बाहेर जायचं नाही अशा कुणाचा चेहरा असला, तर चौकट लाल होई आणि पहारेकऱ्याच्या टेबलावर घंटी वाजे.

"म्हणजे माझ्यावर पाळत," रंगदादा म्हणाले.

"काळजी आहे बाबा."

"काळजीला घंटी कशाला लागते?"

लेक पिशवीतली मोसंबी काढून टेबलावर ठेवत राहिली.

कॅमेरा तपासायला एक तरुण मुलगी यायची. रंगदादा तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. "मिशा लावल्या तर ओळखेल का गं हा?"

"ओळखेल की. तो डोळ्यांमधलं अंतर बघतो, नाकाचा उंचवटा, गालांची ठेवण. मिशांना सहसा फसत नाही."

"शहाणा आहे. आमचे प्रेक्षक फसायचे."

मुलगी हसली, आणि सांगायला हवं होतं त्यापेक्षा जरा जास्तच सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी रंगदादा मिशा लावून फाटकाशी गेले. घंटी वाजली. केसांचा टोप घालून गेले, तरी वाजली. पहारेकरी हात जोडून म्हणाला, "आजोबा, आजचा खेळ रद्द." व्हरांड्यात बसलेल्या बायकांची हसून पुरेवाट झाली. मग त्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत काळेपांढरे पट्टे ओढले आणि एका डोळ्यावर टोपाचे केस सोडले. या वेळी कॅमेऱ्याला चेहरा असा दिसलाच नाही, चौकटसुद्धा आली नाही. पण पहारेकऱ्याने मात्र त्यांना लांबूनच पाहिलं आणि तो दचकून उभा राहिला.

यंत्राला चकवावं तर माणूस बघतो, असा पेच होता. रंगदादांना बऱ्याच दिवसांनी झोपेतून उठायला कारण मिळालं. आदल्या दिवशीचं जेवण त्यांना आठवत नसे, पण मेण किती गरम करायचं हे बोटं विसरली नव्हती. नाकावर मेणाचा बाक चढला, भुवया जाड झाल्या, गालांत कापूस गेला, डोक्यावर टोप आला. खोलीतल्या सोबत्याचं जाकीट अंगात घालून, भेटायला आलेली मंडळी परतत होती त्या घोळक्यात ते मिसळले. हिरवी चौकट त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत आली. घंटी वाजली नाही, म्हणून पहारेकऱ्यानेही मान वर केली नाही.

चहाच्या वेळी ते दिसेनात तेव्हा लेकीला फोन गेला. ती टॅक्सी करून धावत आली. व्यवस्थापकबाई ठामपणे सांगत होत्या, "घंटी वाजलेली नाही. म्हणजे ते आतच आहेत." गच्ची, न्हाणीघरं, जिन्याखालची अडगळ, सगळं पाहून झालं. लेक त्यांच्या खोलीत गेली. मेकअपची पेटी उघडी होती आणि टॉवेलवर मेणाचे तुकडे पडले होते.

कुठे गेले असतील याचा तिने फार विचार केला नाही. बाबांनी जिथे वर्षानुवर्षं काम केलं त्या जुन्या नाट्यगृहाकडे ती थेट निघाली. नाट्यगृह बंद पडून तिथे आता फर्निचरचं मोठं दुकान होतं. कपाटं, पलंग, सोफे यांच्या मधून ती भराभर फिरली. बाबा कुठे दिसेनात. आरशाच्या एका कपाटासमोर स्टुलावर एक म्हातारा बसला होता. दुकानातली मुलगी त्याला पाणी देत होती.

"काका," लेकीने त्याला विचारलं, "इथे एक वयस्कर गृहस्थ आले होते का? उंच, टक्कल असलेले?"

म्हाताऱ्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. बोलणं तोंडातल्या तोंडात अडकत होतं. "इथली रंगपटाची खोली कुठे हलवली हो? मघापासून शोधतोय."

ती जागीच थबकली. "बाबा?"

त्यांनी वळून तिला बराच वेळ न्याहाळलं. मग त्यांचे खांदे खाली आले. "ठमे," ते म्हणाले, "मला रस्ता आठवत नाहीये गं."

लेक समोरच्या पलंगावर मटकन बसली. आधी ती चिडली, मग रडली. दुकानातल्या मुलीने कागदी रुमाल आणून दिले, त्यातलाच एक घेऊन ती बाबांच्या नाकावरचं मेण काढू लागली.

"खेचू नकोस. कडेने सोडव," ते म्हणाले. "सालटं निघेल." मेणाखालची कातडी लालबुंद झाली होती.

परतताना टॅक्सीत तिने विचारलं, "मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पण घंटी राहू दे. तिथे एकेकाला थांबवून विचारायचं होतं, मी राहतो कुठे म्हणून. लाज वाटली. भीतीही वाटली." लेकीने त्यांचा हात हातात घेतला. जाकिटाच्या बाहीवर रंग लागला होता.

व्यवस्थापकबाईंना पेटी जप्त करायची होती. लेकीने ठाम नकार दिला. "ती घेतलीत तर बाबांचं उरलं काय?" त्याऐवजी ती दर रविवारी सकाळी येऊ लागली. पहारेकरी घंटी बंद करून दोघांना बाहेर सोडी. नदीकाठच्या रस्त्याने ते जात. कधी रंगदादा समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाडोळ्यांबद्दल बोलत राहत, लोक वळून बघत, लेक त्यांना चिमटा काढी. कधी ते गप्पच असत, तिचा कोपर धरून चालत. त्यांची पावलं जड होताहेत असं दिसलं की ती न सांगता मागे वळे.