तीसपैकी शून्य

मॅडमनी गोटी फळीच्या कडेला ठेवली आणि टिचकी मारली. गोटी गुळगुळीत फळीवरून सरळ गेली, दुसऱ्या टोकाला आडव्या ठेवलेल्या पुस्तकावर आपटली आणि थांबली.

"आता सांग. माझ्या बोटापासून सुटली, पुस्तकापर्यंत पोहोचली. त्या मधल्या वेळात तिला पुढे कोण ढकलत होतं?"

समोरच्या बाकावरच्या मुलीने पेन्सिलीचं टोक ओठाला लावलं. आधी गोटीकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"तुमचं बोट."

"बोट तर इथे आहे, माझ्यापाशी."

"म्हणजे बोटाचा जोर. तो गोटीत शिल्लक राहतो ना. तो संपला की गोटी थांबते."

मॅडमनी सुस्कारा सोडला खरा, पण त्यांना वाईट वाटलं असं काही म्हणता येणार नाही. या उत्तराशी त्यांची फार जुनी ओळख होती. पहिल्या वर्षाला आलेलं जवळपास प्रत्येक पोर हीच समजूत घेऊन येतं; मधे कोणीच ढकलत नसतं, हे कोणाला पटतच नाही. सूत्रं विचारा, धडाधड म्हणून दाखवतील. गोटी पुढ्यात ठेवली की सगळ्यांची बोबडी वळते.

म्हणूनच त्यांनी ती चाचणी तयार केली होती. तीस प्रश्न. एकातही सूत्र नाही, एकातही आकडेमोड नाही. वर फेकलेला चेंडू अगदी टोकाला पोहोचला, त्या क्षणी त्याच्यावर कोणतं बल आहे? ट्रक आणि स्कूटर समोरासमोर आदळले, तर कोण कोणाला जास्त जोरात ढकलतं? प्रत्येक प्रश्नाखाली पाच उत्तरं, त्यातली चार चुकीची, आणि ही चुकीची उत्तरं मॅडमनी मनाने रचलेली नव्हती. वर्षानुवर्षं मुलांच्या तोंडून ऐकून, वेचून वेचून घेतली होती. बरोबर उत्तर कोणीही लिहील, चांगलं चुकीचं उत्तर मिळवायला कान लागतो, असं त्या स्टाफरूममध्ये सांगत, आणि यावर कोणी हसलं की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होई.

निम्मी उत्तरं तरी बरोबर आली पाहिजेत, नाहीतर पुढच्या सत्रात प्रवेश नाही, असा नियम होता. नापासांसाठी शनिवारी दुपारी जादा तास, आणि तासाच्या शेवटी तीच चाचणी, चित्रं आणि क्रम बदलून. पहिल्या शनिवारी बाक बऱ्यापैकी भरले होते. मग एकेक करत मुलं पार झाली आणि गेले कित्येक शनिवार ही एकटीच उरली होती.

"बरं, सोडव आता," म्हणत मॅडमनी कागद पुढे सरकवला.

मुलगी सोडवू लागली. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि दिसू नये अशा बेताने तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिल्या. पेन्सिल बरोबर उत्तरावर जायची, क्षणभर तिथे थबकायची आणि भलतीकडेच वळायची. बिचारी. अगदी दारापर्यंत येते आणि माघारी फिरते. तिच्या पिशवीत फोन दोनदा थरथरला. तिने एकदा काढून बघितला, पटकन काहीतरी लिहिलं आणि परत ठेवून दिला. घरून असेल, मॅडमना वाटलं. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला आणखी कोण फोन करणार?

तास संपल्यावर दोघींनी थर्मासमधला चहा घेतला. मुलगी तिच्या गावाकडच्या मांजरीबद्दल बोलली, मेसमधल्या पातळ वरणाबद्दल बोलली. मॅडम हसल्या. घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की पूर्ण आठवड्यात आपण एवढं हसलो नव्हतो.

शनिवारची दुपार हे त्यांचं दुखणं होतं. आई होती तोवर शनिवार आईचा असे. तिला न्हाऊ घालायचं, नखं कापायची, केस वाळेपर्यंत तिच्या मागे बसून तेच ते जुने किस्से ऐकायचे. आई गेल्यावर पहिल्या शनिवारी त्या सवयीने पाणी तापवून बसल्या होत्या. नंतर त्यांनी जादा तासांसाठी अर्ज केला आणि प्राचार्यांनी 'एवढी हौस कोणाला असते हो' म्हणत लगेच सही केली.

रविवारी वहिनीचा फोन आला.

"ताई, एखादा शनिवार-रविवार या की इकडे. हे पण विचारत होते."

"कसं जमणार गं? तास असतो. एक मुलगी आहे, तिला काही केल्या कळतच नाही."

"एका मुलीसाठी? एवढा काय पुळका तिचा!"

"तिचं वर्ष जाईल ना," मॅडम म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी त्या मुलीची उत्तरपत्रिका तपासायला घेतली. तपासून झाल्यावर पुन्हा एकदा तपासली. तीसपैकी शून्य.

त्यांना रात्रभर अपराधी वाटत राहिलं. इतके शनिवार डोकं फोडलं आणि मुलगी पुढे जायच्या ऐवजी मागे गेली. सुरुवातीला निदान आठ तरी आले होते.

सोमवारी त्यांनी ती उत्तरपत्रिका संख्याशास्त्राच्या सरांसमोर ठेवली. हे सर त्यांच्याच टेबलावर बसत आणि दुसऱ्याच्या डब्यावर कायम नजर ठेवून असत.

"बघा. माझ्या शिकवण्याची फलश्रुती."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमची ती शनिवारवाली का? शून्य? अहो, असं कसं होईल?"

"झालंय ना."

"मॅडम, पाच पर्याय आहेत. डोळे मिटून खुणा केल्या तरी पाच-सहा लागतात. माझ्या नातवाला पेन दिलं तरी लागतील. एकही लागू द्यायचं नाही म्हणजे तीसच्या तीस उत्तरं ठाऊक पाहिजेत." त्यांनी कागद परत दिला. "हिला सगळं येतंय. तुम्हाला बनवतेय पोरगी."

मॅडमनी कागदाची घडी करून तो पर्समध्ये ठेवला. आधी त्यांना आनंद झाला, तोही साधासुधा नाही, शिक्षकालाच होतो तसा. आलं तिला! ती गोटी, तो चेंडू, तो ट्रक, सगळं आलं. मग प्रश्न पडला, की मग का? आणि उत्तरही लगेच सुचलं.

मुलीला शनिवारी यायचं होतं. हॉस्टेलच्या त्या खोलीत जीव रमत नसेल, कोणाशी बोलावं असं कोणी नसेल, आणि शनिवारची दुपार तिलाही खायला उठत असेल. चहा, मांजरीच्या गोष्टी आणि कोणीतरी ऐकणारं. तेवढ्यासाठी पोर नापास होत राहिली. माझ्याकडे यायला मिळावं म्हणून, मॅडमनी मनाशी म्हटलं, आणि आठवडाभर त्या हे वाक्य जपून वापरत राहिल्या.

पण पुढचा शनिवार शेवटचा होता. त्यानंतर पुढच्या सत्राच्या याद्या जाणार. मुलीला त्या दिवशी पास करायचं, म्हणजे आपले शनिवार आपल्याच हाताने संपवायचे, हे त्यांना दिसत होतं. संपवायचे, असं त्यांनी ठरवलं. काय बोलायचं तेही ठरवलं, कारण एकटं असलेल्या माणसाशी जपून बोलावं लागतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

शनिवारी मुलगी आली, बाकावर बसली. मॅडमनी या वेळी फळी काढलीच नाही. थर्मासही पिशवीतच ठेवला. मागच्या वेळची उत्तरपत्रिका तेवढी समोर ठेवली.

"शून्य चुकून येत नाही," त्या म्हणाल्या.

मुलीचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल. तिने कागद वरून खाली बघितला.

"दोन-चार बरोबर लिहायला हवी होती," ती पुटपुटली. "सुचलंच नाही."

मॅडमना हसू आलं. हसू ओसरल्यावर त्या तिच्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्या. एवढ्या शनिवारांत पहिल्यांदाच.

"मी रागावलेले नाही. हॉस्टेलवर करमत नाही, बोलायला कोणी नसतं, हे मला कळतं. एकटं राहणं सोपं नसतं. पण त्यापायी वर्ष पणाला नाही लावायचं. यावंसं वाटलं तर माणसाने सरळ सांगावं."

मुलगी गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली.

"कोण एकटं, मॅडम?"

"तू."

"मी? नाही हो! आम्ही एका खोलीत चौघी आहोत. रात्री कोणी झोपूच देत नाही." ती हसली, आणि हसता हसता मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "म्हणजे... मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. राहू दे."

"सांग."

मुलीने पेन्सिल बोटांत फिरवली.

"बाकीची सगळी पास झाली ना, त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत. 'तू तरी येशील ना पुढच्या शनिवारी?' असं."

"मी?"

"हो. मी बॅग भरत होते तेव्हा. आणि मग जिन्यात परत एकदा." तिचा आवाज अगदी लहान झाला. "पुढच्या शनिवारी आले तर तुम्ही चहा आणला होता. दोन कप. मग मला पास व्हायला बरं नाही वाटलं."

खोलीत पंखा फिरत होता. मॅडमनी आठवून बघितलं. बॅग आठवली, जिना आठवला. ते वाक्य काही आठवेना. पण आपण ते म्हटलं असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि लाज वाटली ती त्याचीच. तोंडातून निघून गेलं आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

"आणि वर्ष गेलं असतं म्हणजे?"

"नसतं गेलं. आज मी बरोबरच लिहिणार होते. तुम्हीच म्हणाला होतात ना, आजची शेवटची."

"फोन येत होते ते?"

"मैत्रिणींचे. शनिवारी आम्ही सिनेमाला वगैरे जातो. त्या थांबतात माझ्यासाठी." आणि घाईघाईने, "पण मला आवडायचं हं इथे. खरंच. तुम्ही छान शिकवता."

"सोडव," मॅडम म्हणाल्या आणि नवा कागद पुढे केला.

त्या पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे पेन्सिल भराभर चालत होती, कुठे थबकत नव्हती. कपात ओतलेला चहाही थंड झाला नसता इतक्या लवकर तिने कागद आणून दिला. तपासायची खरं तर गरज नव्हती. मॅडमनी तपासला. तीसच्या तीस. ट्रक आणि स्कूटरचं उत्तर बरोबर होतंच, वर तिने शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दोघंही सारख्याच जोरात ढकलतात, लागतं मात्र स्कूटरला.' असं कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. एरवी मॅडमनी हे स्टाफरूममध्ये चार जणांना वाचून दाखवलं असतं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. आवाज जसा हवा होता तसा निघाला.

मुलीने बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"मॅडम, मी पुढच्या शनिवारी येऊ का? अशीच. चाचणी नसली तरी."

ती मनापासून विचारत होती. मॅडमना ते दिसत होतं, आणि 'ये' हा शब्द ओठांवर आलाही होता. पण मुलीच्या हातात फोन होता, आणि तिचा अंगठा त्यावर अधीरपणे फिरत होता.

"छे गं. शनिवारी मला ढीगभर कामं असतात. भावाकडे जायचं असतं, वहिनी सारखी बोलावत असते. तुझ्या पायी सगळं राहून जात होतं."

"नक्की ना?"

"नक्की. पळ आता. वाट बघत असतील."

मुलीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. तिने वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि ती गेली. व्हरांड्यात ती चालत होती, जिन्यावर मात्र दोन दोन पायऱ्या टाकत पळाल्याचं ऐकू आलं. खालून तिचा आवाज आला, "अगं, सुटले एकदाची! थांबा, आलेच!"

मॅडमना बरं वाटलं. मुलीचं वर्ष वाचलं होतं, तिला सगळं आलं होतं आणि तिने आपल्यावर दया केली होती, हे तिच्या मैत्रिणी सोडल्या तर कोणाला कळणार नव्हतं. त्यांनी यादीत तिच्या नावापुढे गुण लिहिले. मग खूप वाईट वाटलं आणि ते काही केल्या जाईना.

घरी जायला हरकत नव्हती. पण खोली चार वाजेपर्यंत लागेल असं त्यांनी शिपायाला सांगून ठेवलं होतं. तो मोठा चौकस माणूस होता. किल्ली लवकर नेऊन दिली तर त्याने विचारलं असतं, आज काय मॅडम, पोरगी आली नाही का?

मॅडमनी थर्मास उघडला, एका कपात चहा ओतला आणि त्या चार वाजायची वाट बघत बसल्या.