झरीच्या टेकडीवरचं काळं झाड

मी एक दगड आहे. माझ्या पिवळट अंगावर एक काळं झाड आहे. बारीक खोड, दोन्ही अंगांना फांद्या, फांद्यांना झालरीसारखी पानं. बघणारा म्हणतो, अगदी हुबेहूब. सगळा घोटाळा तिथेच झाला, कारण ते झाड नाही.

माझा जन्म इंदापूर तालुक्यातल्या झरीच्या टेकडीत झाला. लाव्हारस थिजून हा सगळा मुलूख झाला, त्यातलाच मी. पुढे केव्हातरी मला चीर पडली आणि त्या अंधाऱ्या चिरेत मी किती काळ पडून होतो, ते मलाही सांगता येणार नाही.

उजेड पाहिला तो १९९६च्या उन्हाळ्यात. एका मेंढीच्या खुराने वरचा कपचा निसटला आणि म्हस्कूआबांनी मला उचललं. आबांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. आता वीसेक मेंढरं उरली होती आणि त्यांना चरायला ही एवढीच टेकडी. त्यांची नात सुकन्या बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. तिला दगडांचा नाद, म्हणून आबांनी मला घरी आणलं.

"हे घे. पाण्याची बोटं," ते म्हणाले.

सुकन्याचे डोळे विस्फारले. "आबा, पाण्याची बोटं कुठली? हे नेच्याचं पान हाय. लाखो वर्षांपूर्वीचं. जीवाश्म म्हणत्यात ह्याला."

"झऱ्यापाशी असली लई हायत. पाणी झिरपलं की उमटत्यात."

"तुमाला न्हाय कळायचं ते."

आबा हसले आणि मेंढरं कोंडायला गेले.

सुकन्याने मला दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं, नेलपॉलिशचा पांढरा ठिपका लावला आणि त्यावर आकडा घातला: सतरा. मिठाईच्या खोक्यात, कापसावर माझी जागा झाली. शेजारी कच्छहून मागवलेला अमोनाइट होता; गोगलगायीसारखा वेटोळा, कधीकाळी खरोखर समुद्रात पोहलेला. पलीकडे विदर्भातून आलेला, दगड झालेल्या लाकडाचा तुकडा. त्याची वर्षावर्षाची वलयं मोजता येत. ती दोघं एके काळी खरंच जिवंत होती. त्यांच्यात बसताना, दुसऱ्याच्या पंगतीत पानावर बसल्यासारखं मला वाटायचं.

पुढच्या साली टेकडीवर खडी क्रशर येणार अशी बातमी आली. गावात बैठक बसली. सुकन्या उभी राहिली, मला वर धरलं आणि म्हणाली, "आपल्या टेकडीत जीवाश्म हायत. अशी जागा फोडता येणार न्हाय." दुसऱ्या दिवशी अर्ज तयार. हस्ताक्षर तिचं, खाली अख्ख्या गावाच्या सह्या आणि अंगठे. अर्जात टेकडी वाचवायचं कारण एकच: मी.

मे महिन्यात कळलं, पाहणीला पुण्याहून भूगर्भशास्त्राच्या बाई येणार. सकाळी अकरा वाजता.

त्या दिवशी सुकन्या उजाडताच टेकडीवर गेली. बाईंना दाखवायला माझ्यासारखे आणखी दोन-चार दगड असावेत, एवढाच विचार. मी तिच्या पिशवीत होतो. झऱ्यापाशी तिने हातोडीने एक चीर उकलली. आत काळं झाड. दुसरी उकलली, तिथंही झाड. ती आधी हरखली. मग भिंग डोळ्याला लावलं आणि तिचा हात थांबला.

पानाला मधली शीर असते. इथे शीर नव्हती. सगळ्या फांद्या चिरेच्या काठावरूनच निघाल्या होत्या. एका दगडात तर चिरेत पांढरे स्फटिक धरले होते आणि काळं झाड त्या स्फटिकांवरून पुढे चढलं होतं. स्फटिकाच्या पाठीवर नेचा कसा उगवेल?

तिने मला बाहेर काढलं, झऱ्यात बुडवलं, पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग ती तिथंच मटकन बसली. "पाण्याची बोटं," ती पुटपुटली. पाण्यात विरघळून आलेलं मँगनीज चिरेत साठत गेलं की असा फांद्यांचा आकार होतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

खाली आली तेव्हा चावडीपुढे सतरंजी पसरली होती. सरपंच हिंदुराव फेटा बांधून तयार. तिने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं.

हिंदुरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "आणखी कुणाला बोललीस?"

"न्हाय."

"मग बोलू बी नको. बाई बघतील, फोटू काढतील, जातील. तुला वर्षभर कळलं न्हाय, त्यांना घटकाभरात कळतंय व्हय? तू गप उभी ऱ्हा. दगडाला कुठं बोलता येतंय?"

मला बोलता येत असतं तर तेव्हाच बोललो असतो.

जीप आली. बाई उतरल्या, सतरंजीवर बसल्या, पर्समधून भिंग काढलं आणि हात पुढे केला. सुकन्याने मला मुठीत धरलं होतं.  समोर सगळं गाव, गावामागे टेकडी, टेकडीवर आबांची मेंढरं. खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

"बाई, हा जीवाश्म न्हाय," ती म्हणाली. "माझी चूक झाली. अर्जात लिवलंय ते खरं न्हाय."

"पोरगी बिचकलीय, बाई," हिंदुराव घाईने म्हणाले.

बाईंनी मला घेतलं, भिंगातून पाहिलं आणि परत दिलं. "बरोबर सांगतेय ती. मग मला इथं बघण्यासारखं काही उरलं नाही." त्या उठल्या. कुणी सुकन्याकडे बघेना. मागून शेजारच्या आक्काबाईंचा आवाज आला, "शिकलेल्या पोरीनं गावाला तोंडघशी पाडलं."

बाई जीपशी पोचल्या, तेवढ्यात आबा तांब्या घेऊन आडवे आले. "बाई, उन्हाच्या आल्यात. पाणी घेतल्याबिगर जाऊ नका."

बाई अर्धा तांब्या प्यायल्या. "थंड आहे. विहिरीचं?"

"हिरी कवाच आटल्या. हे टेकडीचं. मेंढरं बी हेच पित्यात. झरी नाव उगं पडलंय व्हय?"

"मेच्या शेवटी झिरपतंय?" बाईंनी वळून पाहिलं, टेकडीकडे आणि मग सुकन्याच्या हातातल्या माझ्याकडे. "चला, दाखवा."

वर जाताना त्यांनी सुकन्याला विचारलं, "हे अर्जात का नाही लिहिलंस?"

"वाटलं, पाण्याला आणि मेंढरांना कोण इचारतंय. जीवाश्म म्हटलं की साहेब लोक ऐकत्यात."

बाईंनी वही उघडली. झऱ्यापाशी त्या दीड तास बसल्या. पाणी मोजलं, चिरा कुठून कुठे जातात ते पाहिलं, आबांना विचार विचार विचारलं. निघताना वहीत लिहिलेलं सुकन्याला वाचून दाखवलं: जीवाश्म नाही. बारमाही झरा आहे. खोदकाम केल्यास तुटण्याचा धोका.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. नवा अर्ज गेलाय, त्यात पाणी आहे आणि मेंढरंही आहेत. निकाल लागलेला नाही. रस्त्यावर जीपचा आवाज आला की अजूनही सुकन्या दारात येते आणि मीही कापसावर अंग चोरतो.

खोकं तेच आहे, शेजारीही तेच. माझी चिठ्ठी तेवढी बदलली. पूर्वी लिहिलं होतं, 'नेचा, जीवाश्म. शोध: सुकन्या.' आता आहे, 'पाण्याची बोटं. ओळख: म्हस्कूआबा.'

तुमच्याही हाती कधी माझ्यासारखा दगड येईल. त्याला नाव द्यायची घाई करू नका. तो जिथे सापडला तिथे जन्मभर वावरलेलं एखादं माणूस जवळपास असेल. आधी त्याला विचारा. आणि त्याने पाणी पुढे केलं, तर ते कुठलं आहे, हेही विचारा.