शेजारचे नकोत

नोकरी गेली, तिच्या पाठोपाठ बायकोच्या डायलिसिसचा खर्च उचलणारा कंपनीचा विमाही गेला. पन्नाशीच्या प्रोग्रामरला दारात कोण उभं करतंय? एका कंपनीने केलं, पण आधी कोडी सोडवून दाखवा म्हणाली. आकड्यांच्या रांगा, अक्षरांच्या माळा. त्यातून हवं ते शोधून काढायचं.

बायको पडल्या पडल्या कोडी वाचायची, तो उत्तरं सांगायचा.

"आकड्यांची रांग आहे. असा सलग तुकडा निवडा, की बेरीज सगळ्यांत मोठी."

"चालत राहायचं. बेरीज शून्याखाली गेली, की मागचं सोडून द्यायचं."

"मला नका सोडू म्हणजे झालं."

"तू अजून शून्याच्या वर आहेस गं."

हळूहळू कोडी अशी तोंडपाठ झाली, की अर्धं ऐकताच त्याचे हात कीबोर्डवर चालू. तिला ते खटकायचं. "अहो, पुरतं ऐका तरी! उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग!"

मुलाखतीला तो स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसला. पडद्यावरच्या पोराने नियम सांगितले : जागेवरून उठायचं नाही, घरात दुसरं कुणी बोललं तर मुलाखत तिथेच संपली.

"सोपं आहे, सर. आकड्यांची रांग. सगळ्यांत मोठी बेरीज येईल असे आकडे निवडा. फक्त शेजारशेजारचे दोन एकत्र नकोत."

शेवटचं वाक्य येईतो ह्याचे हात सुटलेही होते. "म्हणजे सलग तुकडा," तो खुशीत म्हणाला.

भिंतीपलीकडे बायकोचा जीव खालीवर झाला. ओरडावं तर मुलाखत गेली, गप्प राहावं तरी गेली. तो क्षणभर थांबला, तर प्रश्न नीट आठवील. तिने उशाशेजारचा पाण्याचा पेला ढकलून दिला.

ठण्णकन आवाज झाला. मागच्या महिन्यात ती न्हाणीघरात कोसळली, तेव्हाही आधी भांडंच वाजलं होतं. तो धावत आत गेला.

ती पलंगावर धडधाकट बसलेली. "उठलात कशाला? शेजारचे नकोत म्हणाला हो तो! जा, पळा!"

तो परतला तेव्हा पोरगा गेला होता. पडद्यावर एकच ओळ : उमेदवार जागेवरून उठल्याने मुलाखत समाप्त.

तो फडकं घेऊन आत आला. डायलिसिसमुळे तिला पाणी मोजून मिळायचं. दिवसाचं सगळं फरशीवर पसरलं होतं.

"संपलं ना?" तिने विचारलं.

"संपलं."

"मग परवा दवाखान्यात?"

"जाऊ की."

पैसे कुठून आणायचे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो पलंगाखाली वाकून पाणी टिपत राहिला.