नाकतोड्याच्या अंड्यातला मेंदू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, डोळ्यांना दिसत नाही ते दाखवावं म्हणून कारागिरांनी माझी भिंगं घासली, पितळी नळीत बसवली आणि १९५४ साली मला बारामतीच्या एका शाळेत धाडलं.

तिथे विज्ञान शिकवणाऱ्या मालतीबाईंचा माझ्यावर फार जीव. जवळच्या कळस गावातल्या कुंडलिकराव या शेतकऱ्याच्या बांधातून त्या नाकतोड्याची अंडी आणत, आतला गर्भ सुईने अलगद सोडवत आणि माझ्याखाली धरत.

काय काय पाहिलं आम्ही! गर्भाच्या डोक्यात मोठाल्या मातृपेशी असत. मातृपेशी स्वतः मोठीच राही आणि एका अंगाला लहान पेशी टाकी. पुन्हा टाकी, पुन्हा टाकी, त्यांची चळत लागे. प्रत्येक लहान पेशीच्या दोन होत, त्यांना धागे फुटत, त्या मेंदूच्या मज्जापेशी बनत. मग आधारपेशी त्या धाग्यांना लपेटून घेत. हे लपेटणं उरकत आलं की पिलं लवकरच बाहेर पडणार, हे बाईंनी ओळखलं होतं.

एकदा कुंडलिकराव, अंडी उघडी पडून उन्हात मरावीत म्हणून, बांध उकरायला निघाले.

"थोडं थांबा, मला अजून अंडी पाहायची आहेत," बाई म्हणाल्या. "पिलं बाहेर पडायच्या आधी मी सांगते."

"थांबतो, बाई. पर शेजारीच मिरचीची रोपं हायती, ध्यान असू द्या."

तेवढ्यात शाळेची तपासणी ठरली. हेडमास्तरांनी मला पुसलं आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद केलं.

"सर, किल्ली द्या. एका शेतकऱ्याची रोपं यावर अवलंबून आहेत."

"साहेब येऊन जाऊ द्या. यावर डाग पडला तर मला विचारतील."

बाईंनी शेवटचं पाहिलं तेव्हा लपेटणं सुरूही झालं नव्हतं. अजून अवधी आहे, असं त्यांना वाटलं. पण ऊन तापलं आणि जमिनीतली अंडी भराभर पिकली.

साहेब आले. "वा, अगदी नवा ठेवलाय!" म्हणाले. ते जातात न जातात तोच कुंडलिकराव दारात उभे राहिले.

"बाई, पिलांनी समदं खाल्लं, एक रोप न्हाय ऱ्हायलं. तुमी सांगणार व्हता न्हवं?"

बाईंनी पुन्हा कधी किल्ली मागितली नाही. वर्ष संपताच बदली मागून त्या निघून गेल्या. जाताना कपाटाकडे वळूनही पाहिलं नाही.

मला अजूनही कुणी बाहेर काढत नाही. भिंगांवर बुरशी चढली आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत असं एखादं कपाट असेल, तर ते उघडायला लावा. आतली वस्तू हातात घ्या, वापरा. माझ्यावर डाग पडला असता, तर पुसता आला असता.