घडीवर घडी

आईने शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून कागदाचं एक फूल भिंतीला लावलं, मान मागे नेऊन पाहिलं, आणि हात पुढे करून ते आणखी थोडं वाकडं केलं.

—

गरम गोंदाचा चटका बसला तर बोट तोंडात घालू नका, थेट गार पाण्यात धरा. मुलगी हे आपल्या प्रत्येक व्हिडिओत सांगते. चटका बसला की स्वतःचं बोट तोंडात घालते.

—

बॅटरीच्या दुकानाच्या शटरवर खडूने लिहिलेलं: रविवारी दुकान बंद राहील. त्याखाली, जरा बारीक अक्षरात: काळजीचं कारण नाही.

—

मोठ्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, कोपरे धरायचे, चादर ताणायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. आपले कोपरे समोरचीच्या हातात दिले की वाकून खालची कड उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. इस्पितळाच्या लाँड्रीत बायका हे बोलत बोलत करतात. भांडण झालं असेल तरी करतात.

—

"ऐकलं ते खरं, की अफवा आहे?" मामाने आईला फोनवर विचारलं.

"खरं आहे."

"अफवा बरी होती गं."

—

हे सगळे तुकडे एकाच लग्नाचे. लग्न आईचं.

इस्पितळाच्या लाँड्रीतून ती निवृत्त झाली त्याला फार काळ लोटला नव्हता. नवरा जाऊन मात्र इतकी वर्षं झाली होती, की भिंतीवरच्या फोटोतला तो आता तिचा धाकटा भाऊ वाटायचा. नवरदेव होता लाँड्रीसमोरच्या गल्लीतला बॅटरीवाला. गाड्यांच्या बॅटऱ्या विकणारा, बोलायला कंजूष आणि ऐकायला उदार असा विधुर माणूस. आणि मुलगी, आईची एकुलती एक, लग्नांची सजावट करायची. कागदाची फुलं, सुतळी गुंडाळलेले दिवे, भेटवस्तूंची खोकी, पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, सगळं हाताने. तिची तारीख मिळावी म्हणून लोक वशिले लावायचे.

आईने वशिला लावला नाही. ती सरळ मुलीच्या कामाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. टेबलावर कुणा परक्या नवरीची फुलं वाळत होती, जमिनीवर कागदाच्या कातरणांचा घोटाभर थर होता.

"बस ना. ती खोकी खाली ठेव खुर्चीवरची."

"बसायला नाही आले. सांगायला आले. रविवारी लग्न करतेय."

मुलीच्या हातातली कात्री कागदातून शेवटपर्यंत गेली, मगच थांबली. बॅटरीवाल्या काकांचं येणं-जाणं तिला ठाऊक होतं. ते येण्या-जाण्यापुरतंच राहील असं तिने धरलं होतं.

"सह्या करून येणार ना? करा की. मी कुठे नाही म्हणतेय?"

"सह्या आधी शुक्रवारी आहेतच. त्यानंतर माणसं येतील, जेवतील. लाँड्रीतली इस्त्रीची खोली रविवारी रिकामी असते, तिथे. पोरींनी साहेबांकडून किल्ली मिळवलीय. खोली सजवणार आहे."

"कोण सजवणार?"

"मी."

"आई, या वयात..."

"या वयात काय? गुडघे दुखतात. ते दुखतायतच. आणखी काय?"

"लोक हसतील."

"हसू देत. लग्नात रडण्यापेक्षा बरं."

मुलीने कात्री ठेवली. मग ती पुष्कळ बोलली. आपला धंदा लोकांच्या तोंडावर चालतो, हे बोलली. गुपचूप उरकलं तर कुणी चकार शब्द काढणार नाही, हेही बोलली. फुलं, दिवे, पंगत, हा डांगोरा कशासाठी, असं तिने दोनदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज फाटला.

"गुपचूप चोऱ्या करतात," आई म्हणाली.

"मग मी येणार नाही. आणि सजावटीला हातही लावणार नाही, आधीच सांगते."

"मी कुठे म्हटलं, लाव म्हणून?"

आईने टेबलावरचं एक तयार फूल उचललं, उलटं करून त्याच्या घड्या पाहिल्या आणि होतं तिथे ठेवलं.

"छान झालंय. जरा जास्तच सरळ आहे."

दारात चपला घालताना ती पाठमोरीच म्हणाली, "कपाटातला कपडा कितीही चांगला असला तरी कुणालातरी त्याची घडी मोडावी लागते गं. नाहीतर तो घडीवरच विरतो."

—

बुधवारी घरच्यांच्या ग्रुपवर आईने एक फोटो टाकला. केशरी कागदाचं काहीतरी. एक पाकळी वर, एक आडवी, मधला भाग चेपलेला.

मामाने लिहिलं: हे फूल आहे की फाटका मोजा?

आईने लिहिलं: फूल. रविवारी या, जवळून बघा.

गुरुवारी दुसरा फोटो आला. तो पहिल्याहून वाईट होता. कुणीतरी हसण्याची चित्रं पाठवली, कुणीतरी सांत्वनाची. एका मावशीने विचारलं, लेक एवढी कलाकार, तिने नाही का मदत केली?

मुलीने आईला फोन लावला.

"तो फोटो काढून टाक."

"का? माझं फूल आहे."

"आई, तूच शिकवलंस मला. जन्मभर चादरींच्या कडा जुळवल्यास तू. कोपरा सूतभर सरकला तर अख्खी चादर उलगडायचीस. आणि हे काय करून ठेवलंयस?"

पलीकडून कागद चुरगळल्यासारखा आवाज आला.

"हात गेले माझे," आई म्हणाली. "इतकी वर्षं वाफेत होते. आता बोटं ऐकत नाहीत."

"कधीपासून? मला बोलली नाहीस."

"तू कुठे विचारलंस?"

मग आईच म्हणाली, "चल, ठेवते. भिंत मोठी आहे, फुलं थोडी आहेत."

—

कृती, मुलीच्या सगळ्यांत जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओतून:

चौकोनी कागद घ्या. कोपऱ्यावर कोपरा आणा. घाई नको. कोपरे जुळले की मगच घडीवरून नख फिरवा. एकदा नख फिरलं की कागद ते विसरत नाही. चुकलात तर नवा कागद घ्या. त्याच कागदावर दुसरी घडी घालाल, तर खालून पहिली दिसत राहील.

यातली शेवटची तीन वाक्यं मुलीची नव्हेत. मुलगी शाळेतही जात नव्हती, तेव्हा स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून आईने तिला पहिलं फूल करायला शिकवलं होतं, त्या वेळची. व्हिडिओत ती तसं सांगत नाही.

—

रविवारी सकाळी मुलगी लाँड्रीच्या मागच्या दाराने आली. खांद्याला कामाची पिशवी होती.

बॅटरीवाला शिडीपाशी एकटाच उभा होता. नवा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"पिशवी गाडीत राहून गेली होती," मुलगी म्हणाली. खरं तर त्याने काही विचारलं नव्हतं.

"बरं झालं राहिली ते."

"मी थांबणार नाहीये, काका."

"बरं."

"आई कुठाय?"

"आत. स्वतःचे कपडे इस्त्री करतेय. मी म्हटलं, मी करतो. म्हणाली, तुम्ही शिडी धरा. चार दिवस लाँड्री सुटली की शिडीच धरतोय."

खोली लांबलचक होती. गार पडलेल्या इस्त्र्या एका कडेला उभ्या करून ठेवलेल्या, मधली टेबलं जोडून पंगतीची सोय केलेली. डाव्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत आईची फुलं होती. केशरी, पिवळी, काही गुलाबी. एकही सरळ नव्हतं. वारा नसलेल्या खोलीत सगळी वाऱ्यात सापडल्यासारखी दिसत होती. उजवी भिंत कोरी होती.

"वेळ फार लागतो तिला," बॅटरीवाला म्हणाला. "एक करते, बघते, पुन्हा सगळं उलगडते, पुन्हा घालते. मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास? तर म्हणे, जमेपर्यंत करायचं."

मुलीने मान वळवली आणि उगीच पिशवीची चेन उघडली. आत तिचे नेहमीचे कागद होते, कात्र्या, तार, गोंदाची बंदूक. माणसं यायला अजून अवकाश होता. निदान दारासमोरची फुलं नीट करता आली असती. ती शिडीवर चढली, सगळ्यांत वाकडं होतं ते केशरी फूल काढलं, आणि खाली येऊन टेबलावर ठेवलं.

एक एक पाकळी उलगडून तिने कागद तळहाताने सपाट केला. मग त्याच्यावर वाकली. मग तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

वाकड्या घड्यांच्या खाली दुसऱ्या घड्या होत्या. कोपऱ्यातून निघून बरोबर कोपऱ्यात गेलेल्या, नखाने दाबलेल्या, केसभरही न ढळलेल्या. या कागदाचं आधी एक फूल झालं होतं, आणि ते तिच्या टेबलावरच्या कुठल्याही फुलाहून सरळ होतं.

तिने दुसरं फूल काढलं. मग तिसरं.

"बिघडलीत का?" बॅटरीवाल्याने विचारलं.

"नाही."

मागचं दार वाजलं. आई आत आली. नव्या कपड्यांवर इस्त्रीची ऊब अजून होती, बाहीवरची घडी सुरीसारखी उभी. तिने मुलीकडे पाहिलं, टेबलावरच्या उलगडलेल्या कागदांकडे पाहिलं, आणि पुन्हा मुलीकडे. नजर काढून घेतली नाही.

"तू येणार नव्हतीस."

"आलेच नाहीये. बघून चाललेय."

"बघ मग."

"हात कसे आहेत?"

"गेले म्हटलं ना."

"दिसतंय."

बॅटरीवाल्याला अचानक शिडीचा एक स्क्रू सैल वाटला. तो खाली बसून तो पिळू लागला.

"समोरची भिंत कोरी का ठेवलीस?"

"कागद उरलाय," आई म्हणाली. "हात उरला नाही."

मुलीने स्टूल ओढलं. उरलेल्या गठ्ठ्यातला एक पिवळा कागद घेतला आणि आईच्या भिंतीकडे बघून पहिल्या झटक्यात तिरकी घडी घालायला गेली. बोटं ऐकेनात. कोपरा आपोआप कोपऱ्यावर जाऊन बसला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. इतक्या वर्षांच्या सवयीला वाकडं जाणं माहीतच नव्हतं.

शेवटी तिने मुकाट्याने अख्खं फूल सरळ केलं, जसं येत होतं तसं. घडीवरून नख फिरवलं. मग ते उलगडलं, आणि सुतासुताने बिघडवत पुन्हा घातलं.

आई तिच्या खांद्यामागून बघत होती.

"अजून सरळच आहे."

"थांब ना. होतंय वाकडं."

"पाकळी खाली ओढ. अशी नाही. लाज वाटेल अशी."

मुलीला हसू फुटलं. गोंदाचा चटका बसला, तिने बोट तोंडात घातलं. आईने पुढचा कागद तिच्यासमोर सरकवला.

उजवी भिंत अर्धी भरली तेव्हा मुलीने फोन काढला. दोन्ही भिंती एका फोटोत मावत नव्हत्या, म्हणून ती टेबलावर चढली. फोटो घरच्यांच्या ग्रुपवर गेला, आणि लगेच तिच्या धंद्याच्या पानावरही, जिथे तिची सगळी गिऱ्हाइकं होती. खाली तिने लिहिलं: सजावट, मी आणि माझी आई. लग्न आईचं.

मामाचा निरोप तेवढ्यात आलाच. हे तूसुद्धा? मोजेच मोजे दिसतायत.

मोजेच आहेत, मामा, तिने लिहिलं. आज जोडी लागतेय. या.

मग फोन पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली. टेबलांवर अजून काही अंथरलं नव्हतं. लाँड्रीच्या पोरींनी एक मोठी पांढरी चादर काढून ठेवली होती. आईने तिचे दोन कोपरे उचलले, दोन मुलीकडे फेकले. दोघी मागे मागे जात राहिल्या, चादर ताणली जाईपर्यंत.

"घडी घालायचीय की अंथरायचीय?" मुलीने विचारलं.

"अंथरायचीय," आई म्हणाली. "धर नीट."

बाहेर कुणाची तरी गाडी थांबली. बॅटरीवाल्याने बाह्या सोडल्या, बटणं लावली आणि दार उघडायला गेला.

कागद घेताना दुकानदाराने आईला दोन प्रकार दाखवले होते. एक मऊ, त्यावर घातलेली घडी उलगडली की मागमूस उरत नाही. दुसरा जाड, त्यावर प्रत्येक घडी राहते. आईने जाड घेतला होता.