रंगाऱ्याचा फुगलेला हात

रंगाऱ्याच्या छातीतला क्षय शेवटपर्यंत जागा झालाच नाही. पण हे आपल्याला ठाऊक नाही असं समजू, कारण दवाखान्यात बसलेल्या रंगाऱ्याला तरी ते ठाऊक नव्हतं. क्षयाच्या चाचणीसाठी हातावर टोचलेल्या जागी टपोरी गाठ आली होती आणि शेजारी बसलेली त्याची ताई त्या गाठीकडे साप पाहावा तशी पाहत होती.

एचआयव्ही निघाला तेव्हाही हीच चाचणी झाली होती. तेव्हा हात गुळगुळीत राहिला, म्हणजे क्षय नाही, म्हणून त्यानं खुशीत ताईचा अख्खा जिना फुकट रंगवून दिला होता. आता वर्षभर गोळ्या घेऊन अंगावर मांस चढलं, आणि हे!

"अभिनंदन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची प्रतिकारशक्ती परत आली."

"मग हे काय?"

"क्षयाचे जंतू तुमच्यात आधीपासूनच झोपलेत. तेव्हा शरीरातले पहारेकरी इतके खंगले होते, की त्यांनी जंतूंना ओळखलंच नाही. आता ओळखलं."

रंगारी चुन्यासारखा पांढरा पडला. "म्हणजे हात गुळगुळीत होता, तेव्हा मी मरायला टेकलो होतो?"

"मेल्या, आणि माझा जिना गुलाबी केलास!" ताई किंचाळली.

"आत्ता ते आजारी नाहीत. एक्सरे स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "पहारा आहे तोवर जंतू दबून राहतील. तरी ते उठू नयेत म्हणून या गोळ्याही घ्या, आणि आधीच्या सोडू नका."

रंगाऱ्यानं गोळ्या खिशात घातल्या. मग उभं राहून त्यानं घसा खाकरला, तशी ताई दचकली.

"सदर सूज रद्द समजून मागच्या वेळचा गुळगुळीत हातच कायमस्वरूपी ग्राह्य धरण्यात यावा, ही नम्र विनंती."