पायातून येणारा आवाज

महाराजांनी हात वर केला आणि खच्चून भरलेल्या सभागृहात कुणी खोकेनासं झालं. लाकडी मंचावर एक जन्मापासून ठार बहिरी मुलगी अनवाणी उभी होती. तिच्या पाठीमागच्या पुरुषभर उंच स्पीकरांतून खर्जातला घुमारा उठला. मुलगी दचकली, मग ठेक्यावर टाळ्या वाजवू लागली.

"ऐकू आलं! पोरीला ऐकू आलं!"

"विज्ञानाने हात टेकले, तिथे आम्ही हात ठेवला," महाराज डोळे मिटून म्हणाले. "कानातली यंत्रं टाका. ऑपरेशन विसरा. चाकू लागला की कृपा संपली!"

मुलीच्या आईने कानाचं यंत्र महाराजांपुढच्या टोपलीत टाकलं. टोपलीत आधीच तसल्या यंत्रांचा ढीग होता.

शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या मावशीने तिचा हात धरला. मावशी मूकबधिर शाळेत शिकवायची. "ताई, ऑपरेशन टाळू नकोस गं. वय निघून गेलं तर ती बोलायची नाही."

"तू गप्प बस! तुला तिचं चांगलं बघवत नाही का?"

मागे सेवकांनी दारं लावून घेतली होती.

मावशीने भाचीला खुणेनेच विचारलं, आवाज कुठे? पोरीने हसून तळपायाकडे बोट दाखवलं.

मावशी चमकली. शाळेत नाच शिकवताना तीही स्पीकर मुद्दाम लाकडी जमिनीवर टेकवायची. ठेका मुलांच्या पायातून चढायचा. शब्दांच्या तासाला मात्र खाली जाड स्पंज घालायची. जमीन घुमायची थांबायची, कानात यंत्र घातलेल्या मुलांना शब्द सुटे ऐकू यायचे.

पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या गाद्या उचलून ती मंचावर चढली. "महाराज, आपली वाणी घुमते, मागे कळत नाही. स्पीकरखाली या घालू द्या."

"खरंय! घाला, घाला!" मागून लोक ओरडले. महाराजांना नाही म्हणता येईना.

पुन्हा घुमारा उठला, पहिल्यापेक्षा स्वच्छ. सगळ्यांनी ऐकला. मुलगी मात्र वाट बघत तशीच उभी.

"पाखंडी बाईने शक्ती कोपवली!" महाराज गरजले. सेवक मावशीवर धावले.

"तिला हात लावाल तर याद राखा!" मुलीची आई मध्ये पडली. तिने टोपलीतून यंत्र उचललं आणि लेकीला पोटाशी धरलं.

तेवढ्यात एक बाप बहिऱ्या लेकराला घेऊन मंचावर चढला. "बाई, त्या गाद्या काढा. माझ्या पोरालाही ऐकू यायला हवं."

सेवक जागीच थबकले. मावशीने गाद्या काढल्या. "आता चपला काढा. पोराला कडेवरच ठेवा."

"वाजवा पुन्हा!" लोक ओरडले.

घुमारा उठला.

"काय वाटतंय?"

"पायात थरथर होतेय."

"आणि पोराला?"

बापाने पाहिलं. पोर शांतपणे त्याच्या सदऱ्याच्या बटणाशी खेळत होतं. बापाचे डोळे भरून आले.

"हात जोडायच्या आधी असं तपासून बघत चला," मावशी हळू म्हणाली. "आशा सोडू नका. फक्त डॉक्टरांकडे चला. मी येते बरोबर."